ढोलवाला कुठे बघतोय?



आमच्या घरी पुढच्या खोलीत काचेचं एक छोटं कपाट आहे. त्यात वरच्या फळीवर चाळीस शिपाई उभे आहेत. लाल डगले, काळ्या टोप्या, खांद्यावर बंदुका. सगळे कसे एका रांगेत! आणि खालच्या फळीवर एकटाच एक ढोलवाला आहे. घरी येणारी मुलं आधी वरची फळी बघतात, "बापरे, केवढे!" म्हणतात आणि मग खाली बसून बराच वेळ त्या ढोलवाल्याकडेच बघत राहतात.

असं का होतं? चाळिसांना सोडून सगळे एकाकडेच का बघतात? आजची गोष्ट त्याचीच. आणि गोष्ट सांगता सांगता मी तुम्हांला एक छंदही शिकवणार आहे: छोट्या पुतळ्यांना रंग देण्याचा.

तुम्ही म्हणाल, "बाई, हे तर आम्हांला येतं!" येतंच मुळी. दिवाळीत किल्ला कोण करत नाही? दगड-माती रचायची, वर पोतं टाकून चिखल लिंपायचा, अळीव पेरायचे आणि कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. मीही लहानपणी ते केलं. रंग उडालेल्या मावळ्यांना भावाच्या रंगपेटीतून पुन्हा रंगवलंही. पण खरा नाद लागला तो मोठेपणी. माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. एका सुट्टीत आला तेव्हा त्याने माझ्या भाच्यासाठी एक पेटी आणली. पेटीत प्लास्टिकचे राखाडी शिपाई, तेही सुटे सुटे! हात वेगळे, डोकी वेगळी. आपणच जोडायचे आणि आपणच रंगवायचे.

उंची किती? २८ मिलिमीटर. म्हणजे माझ्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा एक माणूस. त्याचा चेहरा मुगाच्या दाण्याएवढा आणि डोळा खसखशीहून लहान!

लुटुपुटीची लढाई

हे शिपाई असतात एका खेळासाठी. त्याला म्हणतात वॉरगेम, म्हणजे लुटुपुटीची लढाई. मोठ्या टेबलावर डोंगर, झाडं, घरं मांडायची. दोन्ही बाजूंनी सैन्य उभं करायचं. कोण किती पुढे सरकणार ते टेपने मोजायचं आणि गोळी लागली की नाही ते फासे टाकून ठरवायचं. बुद्धिबळासारखं डोकं लागतं आणि सापशिडीसारखं नशीबही.

हा खेळ आजचा नाही बरं का! १८१२ मध्ये प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीच्या भागात, फॉन राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने असा एक खेळ तिथल्या राजाला दाखवला. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने त्याचे सुधारलेले नियम छापले. तो मुलगा स्वतः सैन्यात अधिकारी होता. मग तिथले अधिकारी हा खेळ खेळून युद्धाचा अभ्यास करू लागले.

खेळण्यातले शिपाई त्याहूनही जुने. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावात अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. पुढे १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटनने शिशाचे आतून पोकळ शिपाई काढले. पोकळ म्हणून धातू कमी, धातू कमी म्हणून किंमत कमी. साहजिकच ते घराघरांत पोचले.

असेच शिपाई घेऊन जमिनीवर लोळण घेत खेळणारा एक मोठा माणूस होता. त्याचं नाव एच. जी. वेल्स. हो, 'टाइम मशीन' लिहिणारा तोच! त्याने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून या खेळाचे नियम सांगितले. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी उडवायची आणि समोरचे शिपाई पाडायचे! पण गंमत अशी की त्याच पुस्तकाच्या शेवटी वेल्स सांगतो, की हा छोटा खेळ तीन-चारदा खेळून बघा, म्हणजे खरं मोठं युद्ध हा किती गोंधळाचा आणि भयंकर प्रकार असेल ते कळेल. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध सुरू झालं.

"बाई, हा कुठे बघतोय?"

तर आमच्या पेटीतले शिपाई होते दोनशे वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश पायदळाचे, नेपोलियनशी लढलेले. भाच्याला खेळायची घाई. मग काय, मी कारखानाच काढला! चाळीस जणांचे डगले लाल, चाळीस जणांच्या विजारी राखाडी, चाळीस चेहरे गुलाबी. पोळ्या लाटाव्यात तसे शिपाई रंगवले. टेबलावर दोन हात अंतरावरून छान दिसत होते. आम्हां दोघांना केवढा अभिमान!

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातली एक मुलगी वही द्यायला घरी आली. चौथीतली. आमचा खेळ चालला होता. ती गप्प उभी राहून बघत होती. भाच्याने फासे टाकले, माझे तीन शिपाई 'मेले'. त्याने ते उचलून खडाखड डब्यात टाकले.

ती म्हणाली, "मेलेल्यांना असं डब्यात टाकायचं असतं?"

आम्ही दोघंही गप्प. तुम्हांला सांगायला हवं, की आमचा सातारा जिल्हा फौजेत जाणाऱ्यांचा. त्या मुलीचे बाबाही फौजेत आहेत, तेव्हा ते सरहद्दीवर होते. मग तिने एक शिपाई हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "बाई, हा कुठे बघतोय?"

मीही जवळ घेऊन बघितलं. तो कुठेच बघत नव्हता! डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके, तेही एक वर, एक खाली. रंगाचा थर इतका जाड, की साच्यात कोरलेलं नाक, ओठ सगळं बुजून गेलेलं. चाळीस शिपाई रंगवले होते मी, पण त्यात माणूस एकही नव्हता.

तुम्ही हान्स ख्रिश्चन अँडरसनची कथिलाच्या शिपायाची गोष्ट वाचली आहे का? १८३८ सालची आहे. एका जुन्या चमच्यातून पंचवीस शिपाई ओतले जातात, सगळे सारखे. शेवटच्याला मात्र कथील पुरत नाही आणि तो एका पायाचा होतो. मग गोष्ट कोणाची होते? चोविसांची नव्हे, त्या एकाची!

मी ठरवलं, आता एकच शिपाई रंगवायचा. पेटीत एक ढोलवाला रंगवायचा राहिला होता. त्याच्या हातात बंदूक नाही, म्हणून भाच्याला तो नको होता. मला तोच हवा होता.

ढोलवाल्याने मला काय शिकवलं

पहिला ढोलवाला बिघडला, हे आधीच कबूल करते. घाई नडली. रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवला आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासला. थोडा रंग गेला, थोडा राहिला. पुन्हा श्रीगणेशा. तीन आठवडे लागले. त्यात जे शिकले ते असं:

१. रंग दुधासारखा हवा, दह्यासारखा नको. ॲक्रिलिक रंगात थेंब थेंब पाणी घालून तो पातळ करायचा. पहिला हात दिला की खालचं दिसतं आणि आपला धीर सुटतो. सुटू द्यायचा नाही! तो पूर्ण वाळू द्यायचा आणि मग दुसरा हात द्यायचा. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा केव्हाही बरे. त्याआधी पुतळा साबणाने धुऊन, वाळवून त्यावर प्रायमरचा एक हात द्यायला विसरू नका, नाहीतर प्लास्टिकवर रंग धरत नाही.

२. लहान कामाला अगदी लहान ब्रश लागतो, हा गैरसमज आहे. मीही आधी तीन शून्यवाला ब्रश आणला होता. त्यावर रंग इतका कमी मावतो, की डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर वाळतो. एक नंबरचा ब्रश घ्या, पण त्याचं टोक सुईसारखं हवं. रंग केसांच्या निम्म्यापर्यंतच बुडवा. पत्र्याच्या नळीत रंग शिरला की टोक फुटलंच म्हणून समजा. आणि ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालायचा नाही हं! ओल्या फडक्यावर फिरवायचा.

३. हात थरथरतो? सगळ्यांचाच थरथरतो. पुतळा बाटलीच्या झाकणावर किंवा बुचावर चिकटवा, म्हणजे बोट रंगाला लागणार नाही. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा आणि दोन्ही मनगटं एकमेकांना चिकटवा. आता हात हलले तरी दोन्ही बरोबरच हलतील.

४. उजेड आपण रंगवायचा. हा सगळ्यांत मोठा धडा! आरशात बघा. उजेड वरून येतो, म्हणून कपाळ, नाक, गालाची हाडं उजळ दिसतात आणि डोळ्यांच्या खोबणी, हनुवटीखालचा भाग गडद दिसतो. पण आपल्या पुतळ्याची खोबण अर्धा मिलिमीटरसुद्धा खोल नसते. तिथे सावली पडणार कशी? मग ती आपण रंगाने पाडायची. नाटकात शेवटच्या रांगेला चेहरा दिसावा म्हणून नटांना ठळक रंगभूषा करतात ना, अगदी तसंच.

म्हणून लाल डगल्याच्या चुण्यांत मी लालमध्ये थोडा तपकिरी मिसळून तो पातळ रंग सोडला. चुण्यांच्या वरच्या कडांवर लालमध्ये थोडा नारिंगी मिसळून बारीक रेघा काढल्या. उजळ करायला मी आधी पांढरा मिसळला होता, तर डगला गुलाबी होऊन बसला! ढोलवाल्याच्या बाह्यांवर पांढऱ्या फिती होत्या. त्याही एकदम पांढऱ्या करायच्या नाहीत. आधी फिकट राखाडी आणि फक्त कडेला पांढरा.

५. आधी माणूस ओळखायचा, मग ब्रश उचलायचा. हा धडा मला कोणत्याच रंगाच्या बाटलीवर लिहिलेला सापडला नाही. मी वहीत लिहून काढलं: हा कोण आहे? आत्ता कुठे आहे? काल रात्री झोपला का?

मग इतिहास उघडला. नेपोलियनची शेवटची लढाई वॉटर्लूला झाली, १८ जून १८१५ रोजी. हे ठिकाण आज बेल्जियममध्ये आहे. आदल्या रात्री तिथे धो धो पाऊस पडला होता. हजारो शिपायांनी ती रात्र उघड्यावर, चिखलात काढली. आता सांगा, अशा रात्रीनंतर डगला नवाकोरा दिसेल? मी विजारीच्या खालच्या भागाला आणि गुडघ्यांना मातकट तपकिरी रंग लावला. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून, जवळजवळ कोरडा करून, त्याने थोडे शिंतोडेही टेकवले. रात्रभर झोप नाही, म्हणून डोळ्यांखाली अगदी पातळ जांभळट रंगाची एक छटा दिली. आणि डोळे? दोन्ही बुबुळं किंचित एका बाजूला नेली. आता तो बघत होता. आपल्या शेजारच्या माणसाकडे.

खेळाच्या पुढे

मुलांनो, हे मी एकटीलाच सुचलेलं नाही बरं का. जगभर कितीतरी जण आधी खेळासाठी शिपाई रंगवायला लागतात आणि मग हळूहळू रंगवण्याच्याच प्रेमात पडतात. इंग्लंडमध्ये वॉरहॅमर नावाचा एक खेळ १९८३ मध्ये निघाला. त्यात माणसांबरोबर राक्षस, बुटके, यक्षसुद्धा असतात. त्याच कंपनीने १९८७ मध्ये गोल्डन डेमन नावाची स्पर्धा सुरू केली. तिथे लढाई कोण जिंकलं हे कोणी विचारत नाही, पुतळा रंगवला कसा तेवढंच बघतात! असे रंगारी मग ५४ किंवा ७५ मिलिमीटरचा एकेकच पुतळा घेतात आणि त्यावर महिना महिना काम करतात. कोणी कोळीण रंगवतं, कोणी म्हातारा वाचक, कोणी नुसता खांद्यापर्यंतचा चेहरा. जर्मनीत कुल्मबाख गावी प्लासेनबुर्ग नावाच्या किल्ल्यात कथिलाच्या पुतळ्यांचं संग्रहालय आहे. तिथे सुमारे ३ लाख छोटे पुतळे आहेत.

एवढ्या लांब कशाला? मुंबईला गेलात तर भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे काचेमागे आपल्याकडच्या निरनिराळ्या लोकांचे आणि त्यांच्या कामधंद्यांचे मातीचे छोटे नमुने ठेवलेले आहेत. बघताना घाई करू नका. एकेकाच्या हाताची ठेवण बघा, मानेचा बाक बघा.

आणि आपला दिवाळीचा किल्ला आठवा! मावळे वर तटावर असतात, पण खाली पायथ्याशी कोण असतं? गवळण असते, वाणी असतो, बैलगाडीवाला असतो. त्यांच्यामुळेच तर ते गाव वाटतं.

मग काय झालं?

ढोलवाला पुरा झाला तेव्हा मी तो शाळेत नेला. त्या मुलीने तो झाकणासकट हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "हा दमलाय." बास, एवढंच! मला पहिला नंबर मिळाल्यासारखं झालं.

दिवाळीत तिचे बाबा सुट्टीवर आले. तिला शाळेतून न्यायला आले होते, तेव्हा तिने मला ढोलवाला दाखवायलाच लावला. त्यांनी तळहातावर घेऊन तो बराच वेळ न्याहाळला. मला वाटलं, डगल्याबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "चिखल बरोबर दाखवलाय बाई तुम्ही. गुडघ्याला असाच लागतो."

आम्ही अजूनही लढाई खेळतो. भाचा अजूनही मला हरवतो. पण आता पडलेल्या शिपायाला कोणी डब्यात टाकत नाही. तो टेबलाच्या कडेला नीट उभा राहतो. हा नियम भाच्यानेच केला आहे.

या आठवड्याचा उद्योग

एक पुतळा घ्या. एकच! विकतचा नको, गेल्या दिवाळीचा मावळा किंवा गवळण शोधा. नसेल तर शाडूचा अंगठ्याएवढा माणूस करा आणि चार दिवस सावलीत वाळवा. मातीवर पोस्टर कलरही चालतात. रंगवण्याआधी वहीत त्याचं नाव आणि त्याच्याबद्दल तीन ओळी लिहा. रोज फक्त अर्धा तास रंगवा: आधी चेहरा, मग कपडे, शेवटी धूळ-चिखल. आठव्या दिवशी तो घरातल्या कोणाला तरी दाखवा, पण काही सांगू नका. फक्त विचारा, "हा कसा आहे?" त्यांचं उत्तर तुमच्या तीन ओळींशी जुळलं, तर तुम्ही पास!

नाही जुळलं तर? साबणाचं पाणी आहेच. फक्त मातीचा असेल तर बुडवू नका हं, विरघळेल! त्याला वरून पुन्हा रंगवा.

पालकांसाठी चार ओळी

घरात आजोबांच्या वेळचे धातूचे जुने शिपाई असतील, तर ते लहान मुलांच्या हाती देऊ नका. त्यांत शिसं असू शकतं. प्लास्टिकचे भाग कापताना आणि फवाऱ्याचा प्रायमर मारताना मोठ्या माणसाने सोबत असावं; प्रायमर मोकळ्या हवेतच मारावा. महागडी पेटी लागतेच असं नाही, एक चांगला ब्रश मात्र लागतो. आणि एक विनंती. मुलाचा पुतळा वाकडा झाला तरी रात्री गुपचूप उठून तो नीट करू नका. वाकडा डोळा त्याला स्वतःला दिसला, की पुढचा आपोआप सरळ होतो.

तुमच्या पुतळ्यांची नावं मला पत्रातून जरूर कळवा. वाट बघते आहे.

तुमची,
बाई